मांजर घरातील झाडे कुरतडते: कोणती ठेवावीत, कोणती हलवावीत?

प्रश्न (जळगाव)

नमस्कार. मे महिन्यात गच्चीवरच्या कुंड्या उन्हाने करपतात, म्हणून दरवर्षीप्रमाणे यंदाही पंधरा-सोळा कुंड्या मी बैठकीच्या खोलीत आणल्या. फरक एवढाच, की यंदा घरात दीड वर्षाची मांजर आहे आणि उन्हामुळे तीही दिवसभर घरातच असते. मनी प्लांटची खालची पाने, स्नेक प्लांटची टोके आणि स्पायडर प्लांटच्या लांब पात्या ती रोज कुरतडते. परवा सकाळी फरशीवर फेसाळ उलटी दिसली आणि तीत मनी प्लांटच्या पानाचा नखाएवढा तुकडा जसाच्या तसा होता. सासूबाई म्हणतात, पानांवर तिखट भुरभुरावे. शेजारच्या काकूंनी कुंडीत डांबराच्या गोळ्या टाकायला सांगितले आहे. यांपैकी काही करावे का? कोरफडही आहे, पण तिला मांजरीने अजून तोंड लावलेले नाही.

उत्तर १ (भुसावळ)

ताई, मांजरीला वळण लावण्याआधी कुंड्यांची वाटणी करा. मनी प्लांटच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू नीट शिजले नाही की आपला घसा खाजतो, तोही याच स्फटिकांमुळे. त्याने मांजरीचे तोंड चुरचुरते, लाळ गळते आणि उलटी होते. स्नेक प्लांट व कोरफड यांनीही उलट्या-जुलाब होतात, म्हणून कोरफडीला तोंड लावण्याची वाट पाहू नका. ही तिन्ही झाडे तिची उडी पोहोचणार नाही अशा ठिकाणी, किंवा बंद दाराच्या खोलीत ठेवा. स्पायडर प्लांट मात्र विषारी नाही; तो टांगून ठेवला तरी पुरे.

खरी भीती लिलीची आहे. पुष्पगुच्छातून ती नकळत घरात येते आणि तिची पाने, फुले, अंगावर पडलेले व चाटले गेलेले पराग, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजरीची मूत्रपिंडे निकामी करू शकते. अशा वेळी लक्षणे दिसण्याची वाट न पाहता तत्काळ पशुवैद्यांकडे न्यावे आणि झाडाचा तुकडा किंवा फोटो सोबत ठेवावा. मिठाचे पाणी पाजून घरी उलटी काढू नये; त्याने अपाय वाढतो. अंगणात कण्हेर असेल, तर तिच्या छाटलेल्या फांद्याही घरात आणू नका, कारण ते विष हृदयावर जाते.

उत्तर २ (धुळे)

तिखट नको. ते पंजांना लागते, पंजा डोळ्यांवरून फिरतो आणि मग त्या मुक्या जिवाची आग आग होते. डांबराच्या गोळ्या तर त्याहून वाईट. त्या मांजरीसाठी थेट विषारी असतात. माती उकरण्याची सवय असेल, तर कुंडीत नदीतले मुठीएवढे गोटे दाटीने रचावेत. पाणी मधून झिरपते आणि पंजा आत जात नाही. कुंडीत खत म्हणून एरंडीची पेंड घालत असाल, तर आजच थांबवा. पेंड पुरेशी तापवलेली नसेल, तर तिच्यात रिसिन हे तीव्र विष शिल्लक राहते आणि जनावरे ती आवडीने खातात.

मांजरीला हिरवे चघळावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तिला तिचे स्वतःचे गवत द्या. मूठभर गहू रात्रभर भिजवून पसरट डब्यात दोन बोटे मातीवर पेरा. बियाण्याला औषध लावलेले नसावे, घरच्या खाण्यातलेच गहू घ्यावेत. घरात ज्वारी असते म्हणून ती मात्र पेरू नका. कोवळ्या ज्वारीने गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे आपल्याकडे शेतकऱ्यांना सांगायला नको, आणि तोच धोका इथे विनाकारण कशाला पत्करायचा?

प्रश्नकर्त्या (जळगाव)

दोघांचेही आभार. स्नेक प्लांट आणि कोरफड नणंदेकडे पाठवली. तिच्याकडे मांजर नाही. मनी प्लांट बाटलीसह देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर गेला आहे, पण त्याची वेल खाली लोंबते आणि मांजर तिच्याकडे टक लावून बसते. गहू आठव्या दिवशी वीतभर झाले, मात्र कूलरसमोर ठेवलेल्या डब्यातली माती दुपारपर्यंत कोरडी पडते.

उत्तर १ (भुसावळ)

वेल कापून टाका, लोंबती शेपटी दिसली की ती उडी मारणारच. गव्हाचा डबा कूलरच्या झोतातून बाजूला घ्या आणि दुसरा डबा आजच पेरा, म्हणजे पहिला पिवळा पडेपर्यंत तो तयार होईल.