२.५ गिगाबिट नेटवर्कसाठी भिंतीतली केबल बदलावी लागतेय काय?

टिळकवाडीकर: वर कॉम्प्युटर, खाली नास (NAS, नेटवर्कवर फायली साठवायचा डबा), मधी भिंतीतून कॅट ५ई नेटवर्क केबल गेलीय, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि कॉपी सेकंदाला ११० एमबीच्या वर जाईना, रोज तास तास जातोय. २.५ गिगाबिटचं नेटवर्क कार्ड घातलं तर भिंत फोडायला लागेल काय?

खानापूरवाला: फोडू नका हो! कॅट ५ई वर २.५ गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतंय, २०१६ पासून तसं स्टँडर्डच आहे. पण दोन्ही टोकं आणि मधला स्विचपण (नेटवर्क केबली एकत्र जोडायचा डबा) २.५ चाच पाहिजे, नाहीतर परत १ वरच येतंय.

निपाणीकर: यूएसबी अ‍ॅडाप्टर असेल तर ३.० पोर्टलाच लावा, २.० ची मर्यादाच ४८० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, म्हणजे ६० एमबीच). आणि नासमधली हार्डडिस्क जुनी असेल तर आधी तिचा स्पीड बघा की.

टिळकवाडीकर: स्विच गिगाबिटचाच आहे, तोपण बदलतो मग.