पावसात जन्मली म्हणून नाफुला? लुह्या नावांबद्दल कुणाला माहीत आहे का

वाळपईची आत्या: भावाला जुलैत मुलगी झाली, म्हादई दुथडी भरून वाहत होती त्या रात्री. रविवारी बारसं आहे. पंचांगात 'ड' अक्षर आलंय आणि नाव काही सुचत नाही. पणजीत माझ्यासोबत काम करणारी केनियाची मैत्रीण लुह्या समाजाची आहे. ती म्हणाली, "आमच्याकडे ही नाफुलाच झाली असती." हे नेमकं कसं असतं?

साखळीकर: ताई, माझी नोकरी केनियात बुंगोमाला होती, माउंट एल्गॉन डोंगराच्या बाजूला. तिथले बुकुसु हे लुह्यांपैकीच. पावसात मुलगा झाला तर वाफुला, मुलगी नाफुला. सुगीत वेकेसा आणि नेकेसा, कोरड्या दिवसांत सिमियू आणि नासिमियू. उपासमारीच्या काळातला वान्जाला. आई वाटेतच बाळंत झाली तर वांगिला, मुलगी असेल तर नांगिला. जुळी मुखवाना आणि मुलोंगो, त्यांच्या पाठीवर जन्मलेल्याचं नाव 'खिसा'.

2003 मध्ये केनियाचे उपराष्ट्रपती झालेले मायकल किजाना वामाल्वा बुकुसुच. वामाल्वा म्हणजे घरात दारू घातलेली असताना जन्मलेला. ही दारू नाचणीची. मधे एक मडकं आणि भोवती बसलेले म्हातारे लांब नळ्यांनी एकाच मडक्यातून पितात.

एक मात्र लक्षात घ्या. वारलेल्या आजी-आजोबांचं नावही नातवंडांना ठेवतात, त्यामुळे भेटलेला प्रत्येक वाफुला पावसातलाच असेल असं नाही.

फोंड्याची शैला: आपल्यातही होतंच की! माझे चुलत आजोबा अधिक मासातले, धोंड्याच्या महिन्यातले, म्हणून धोंडू. मुलं जगत नसली की दगडू ठेवायचे, तेही याच धर्तीचं. आता अशी नावं कुणी ठेवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वाळपईची आत्या: दादा, आई म्हणते पंचांगाचं अक्षर सोडायचं नाही.

साखळीकर: सोडू नका. नक्षत्राचं अक्षरसुद्धा जन्मवेळच सांगतं, फक्त ती पंचांग उघडल्याशिवाय कळत नाही. नाफुला म्हटलं की शेजारणीलाही कळतं, पोर पावसातली. 'ड'चं जन्मनाव कानात सांगा आणि हाक मारायला पावसाचं ठेवा. वर्षा, मेघा, नाहीतर सरळ म्हादई. सत्तरी तालुक्यातल्या मुलीला याहून चांगलं नाव मला तरी सुचत नाही.

वाळपईची आत्या: म्हादई! वहिनीला आत्ताच फोन लावते.