मदत हवी आहे: एमएसमध्ये विचारांचा वेग मंदावणार का, हे रक्ताच्या तपासणीत आधी कळतं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही डिचोलीचे. धाकट्या बहिणीला (वय 31) गेल्या पावसाळ्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, मेंदू आणि मज्जातंतूंचा आजार) निदान झालं. एका डोळ्याला धुरकट दिसायला लागलं, तिथून सुरुवात. औषध चालू आहे, नजर बरीच परतली, चालण्या-फिरण्यात काही फरक नाही.

माझी काळजी वेगळी आहे. ती प्राथमिक शाळेत शिकवते, हिशेब सगळा तोंडी. मागे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ आणि मिरच्या घेतल्या, पाचशेची नोट दिली आणि परत आलेले सुटे हातात धरून उभीच राहिली. दोनदा मोजले, मग मुकाट्याने माझ्या हातावर ठेवले. घरी येताना गाडीत म्हणाली, "दादा, येतं मला सगळं, पण उशिरा येतं."

तेव्हापासून वाचतोय. या आजारात बहुतेकदा विचारांचा वेगच आधी कमी होतो, आणि तो अगदी सुरुवातीलाही होऊ शकतो. मज्जातंतूंना इजा झाली की न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे प्रथिन मणक्याच्या पाण्यात उतरतं, तिथून थोडं रक्तात येतं. पण ते वयाप्रमाणे वाढतं, आजाराचा नुकता झटका येऊन गेला असेल तरी वाढतं, वजनाप्रमाणेही बदलतं. मग एकट्या आकड्यावरून माझ्या बहिणीचं पुढे काय, हे कसं सांगणार? एमआरआयमध्ये थॅलॅमस (मेंदूच्या आतला एक भाग) आकसणं आणि मेंदूच्या बाहेरच्या थरातले डाग यांचा बुद्धीशी जास्त जवळचा संबंध दिसतो म्हणतात. आमच्या रिपोर्टात नुसती डागांची संख्या आहे.

ज्यांनी या प्रथिनाची रक्ततपासणी केली आहे त्यांनी कृपया सांगा: एकदाच केली की ठरावीक अंतराने? आणि त्यावरून डॉक्टरांनी औषधात खरंच काही बदल केला का?

दुसरं, एसडीएमटी, म्हणजे विचारांचा वेग मोजायची चाचणी. 90 सेकंदांत खुणांना जुळणारे आकडे सांगायचे, म्हणजे भाषेची अडचण फारशी नाही. आत्ता एकदा करून ठेवली तर दरवर्षी तिच्याच आकड्याशी ताडून बघता येईल, मला तरी हेच जास्त उपयोगाचं वाटतं. गोव्यात कुणी करून घेतली आहे का? बांबोळीच्या सरकारी इस्पितळात की खासगीत? थकवा, अपुरी झोप, उदासी यांनीही वेग घटतो. ते वेगळं कसं ओळखलंत?

फेरतपासणी चतुर्थीच्या आधी आहे, त्याआधी कळलं तर फार बरं.

हे सगळं तिला वाचून दाखवलंय. बाजारातलं काढू का विचारलं, तर म्हणाली राहू दे.