मदत हवी आहे: लंडनच्या भुयारी रेल्वेचा खऱ्या अंतरांचा नकाशा

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो. भाची लंडनला शिकायला गेलीय. तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, पोरगी नक्की कुठून कुठं जाते ते भिंतीवर बघायचंय.

हॅरी बेकचा १९३३ पासूनचा प्रसिद्ध नकाशा इथं कामाचा नाही. आडव्या, उभ्या नि ४५ अंशांच्या रेघा दिसायला सुबक, पण अंतरं खरी नाहीत. म्हणून ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशाची माहिती घेऊन क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच करायला बसलो.

पहिली फजिती: वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या मांडणीत, अंतरं मोजली. विषुववृत्तापासून लांब जावं तशी त्यात अंतरं फुगतात. सांगलीच्या अक्षांशावर फरक जेमतेम, लंडनला मात्र सगळं जवळजवळ १.६ पट फुगलं! आता ब्रिटिश नॅशनल ग्रिडवर, म्हणजे ब्रिटनसाठीच्या नकाशा-मांडणीवर, आणलंय.

खरी अडचण पुढंच आहे. पश्चिमेचं चेशम ते पूर्वेचं अपमिन्स्टर सरळ रेषेत साधारण ६० किमी. ए-१ कागद आडवा धरला तरी एका किलोमीटरला १.४ सेंमी. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन जेमतेम २६० मीटर, म्हणजे कागदावर साडेतीन मिलिमीटर. त्यात दोन नावं देवनागरीत कशी बसवू? कडेला मात्र नुसतं माळरान!

मध्यभागाचा मोठा चौकोन कोपऱ्यात वेगळा द्यावा का? आणि सर्कल, मेट्रोपॉलिटन नि हॅमरस्मिथ अँड सिटी या मार्गांच्या गाड्या काही भागात एकाच रुळांवरून जातात. तिथं तीन रंग शेजारी काढले की जागा खोटी होते, एकच काढला तर ताई गोंधळणार. तुम्ही काय केलं असतं? मात्रा-वेलांट्या न कापता लहान आकारात वाचता येईल असा फॉन्टही सुचवा.