मदत हवी आहे: नववी-दहावीच्या मुलांसाठी अलीकडच्या मराठी कादंबऱ्या

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी नववी-दहावीची मुलं जमून वाचलेल्या कादंबरीवर बोलतात. 'शाळा' सगळ्यांना आवडली, भांडणंही झाली. पण ती आणीबाणीच्या काळातली. मुलं म्हणतात, आमच्या आत्ताचं काय? भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' (2024 चा साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार) लहान भावंडांना देऊन झाली. मोठ्यांना आता मोबाईल, शिकवणी, लातूरच्या हॉस्टेलवरचा एकटेपणा, मैत्री-प्रेम असं काहीतरी हवंय. मुली तर नायिकाच मागतात, आणि बरोबरच आहे.

इंग्रजी अवघड जातं, अनुवाद चालेल. वाचनालयाचं बजेट तुटपुंजं, म्हणून दोनशे रुपयांच्या आतलं, पोस्टानं मिळणारं हवं. कथासंग्रह नकोत.

गेल्या पाच-सहा वर्षांतली, तुमच्या घरच्या मुलांनी स्वतःहून शेवटपर्यंत वाचलेली कादंबरी कोणती?