मणके मोडतात कशानं जास्त: रस्त्यावर की उंचावरून पडून?

कृष्णाकाठ: मणक्याच्या दुखापतीचा विषय निघाला की चर्चा थेट हेल्मेट आणि खंबाटकी घाटावर जाते. पण भारतातल्या अनेक रुग्णालयांच्या पाहण्यांत उंचावरून पडणं हे अपघातांच्या बरोबरीचं किंवा त्याहून मोठं कारण निघालंय. सातारा-सांगलीत बघा: वैरणीसाठी झाडावर चढणं, बिनकठड्याची गच्ची, गोठ्यावरचा सिमेंटचा पत्रा. उन्हापावसानं तो ठिसूळ होतो. दोन वाश्यांच्या मध्ये पाय पडला की माणूस थेट खाली. बुडावर किंवा पायावर आपटलं की मार वर चढतो. बरगड्यांनी ताठ धरलेली पाठ जिथं संपते आणि हलती कंबर सुरू होते, तिथं तो बसतो. म्हणून पाठीचा बारावा आणि कंबरेचा पहिला मणका चेचतो. टाच मोडलेल्या साधारण १० जणांत एकाचा कंबरेचा मणकाही मोडलेला असतो. नुसतं टाचेला प्लास्टर घालून घरी पाठवू नये, पाठीचा एक्स-रे काढावाच.

ऊसपट्टा: अजिबात पटत नाही. या पाहण्या वॉर्डात पोचलेल्यांच्या. दुचाकीवरून उडून डोक्यावर आपटलेल्याची मान वरच्या तीन-चार मणक्यांत मोडली आणि मज्जारज्जू चिरडला, तर श्वासपटलच थांबतं. तो जागेवरच जातो, मोजणीत येत नाही. हंगामात रात्री रस्त्याकडेला उभी जोडट्रॉली बघा. बाहेर आलेल्या उसानं मागचे दिवे झाकलेले, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. चाकाखाली लावलेला दगड तर ट्रॉली गेल्यावरही तिथंच पडलेला असतो!

कृष्णाकाठ: मुद्दा बरोबर, पण तोच विहिरीलाही लावा की. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेलं असताना सूर मारला की मानेचा पाचवा-सहावा मणका मोडतो, हातपाय लुळे पडतात आणि पोहता येणारा माणूस बुडतो. नोंद काय होते? ‘बुडून मृत्यू’.

माणदेशी: तुम्हा दोघांच्याही हिशोबात म्हाताऱ्या बायका नाहीत. एसटीची शेवटची सीट मागच्या चाकांच्याही मागे असते. गतिरोधकावर तिथला माणूस वर उडतो आणि बुडावर आपटतो. हाडं ठिसूळ असतील तर तेवढ्यानं मणका दबतो. ना पोलिसांत नोंद, ना एक्स-रे. ‘उसण भरली’ म्हणून महिनाभर तेल चोळतात. वयस्कर माणसाला पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या सीटवर जागा द्या, एवढं कंडक्टरनं केलं तरी पुष्कळ.

ऊसपट्टा: हे मान्य. आणि पडलेल्याला काखेत धरून जीपमध्ये बसवणं आधी बंद करा. तसं वाकवल्यानं सरकलेला मणका शाबूत मज्जारज्जूही दाबू शकतो. १०८ ला फोन करा. कूस बदलायचीच वेळ आली, तर चौघं लागतात: एकानं डोकं-मान धरायची, तिघांनी अंग, आणि डोक्याकडच्यानं सांगितल्यावरच एकदम वळवायचं. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात संरक्षण आहे. पण पैसा आधी रस्त्यावरच खर्च व्हावा, हे मत कायम.

कृष्णाकाठ: कठड्याला थोड्या विटाच लागतात. रस्त्याच्या निधीची वाट कशाला बघायची?