बिनपगारी राखणदार

'साइटवरच्या मजकुरावर नजर ठेवणारे मॉडरेटर हवेतच कशाला, एआय करेल की ते काम' असं कुणी म्हणतं, ते मत काही पटलं नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटचंच बघा. चॅटजीपीटी येऊन जेमतेम आठवडा होतोय तोच, डिसेंबर २०२२ मध्ये, त्याने लिहिलेल्या उत्तरांवर तिथे बंदी घालावी लागली. उत्तरं दिसायला चोख, कोड चालवला की बोंब! आणि ती निस्तरणार कोण, तर तिथले बिनपगारी मॉडरेटर. मे २०२३ च्या अखेरीस कंपनीने अशी उत्तरं काढण्याबाबत त्यांचे हात बांधले, तेव्हा याच मंडळींनी जूनमध्ये संप पुकारला. मिटला ऑगस्टमध्ये, वाटाघाटी होऊन.

तिथले काही जण खडूस आहेत, मान्य. (नवख्याचा प्रश्न 'डुप्लिकेट' ठरवून बंद करायची भारी हौस!) तरी कोडमध्ये अडलो की मी आधी तिथलीच जुनी उत्तरं धुंडाळतो.